अभिनयाच्या पदवीसाठी अमेरिकन कॉलेजकडे जास्त मदत कशी मागायची

मार्च संपत आला की मला दोन प्रकारचे फोन येतात. काही न्यू जर्सी, इलिनॉय, कॅलिफोर्नियातल्या मराठी आईवडिलांचे: मुलीला अभिनयाच्या बीएफएला (म्हणजे कलेच्या व्यावसायिक प्रशिक्षणाच्या पदवीला) प्रवेश मिळालाय, आनंद आहे, पण वर्षाला ऐंशी-नव्वद हजार डॉलर आणायचे कुठून? काही पुण्या-नाशकातून: ‘ते लोक स्कॉलरशिप वाढवून देतात म्हणे, काय लिहायचं त्यांना?’ काय लिहायचं ते खाली सांगितलंच आहे. पण एप्रिलमध्ये लिहिलेल्या पत्रात किती जोर असेल, हे आदल्या ऑगस्टमध्येच ठरलेलं असतं. कॉलेजांची यादी करताना पैशाचा विचार केला नसेल, तर नंतर कितीही गोड इंग्रजी लिहा, हाती फारसं लागत नाही.

छापील किंमत आणि खरी किंमत

आपल्याला या प्रकाराची सवय नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात निवड झाली की विद्यार्थ्यालाच विद्यावृत्ती मिळते. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात फी ठरलेली, ती भरायची आणि वर्गात बसायचं. फेरविचार करा म्हणून पत्र लिहिण्याचा प्रश्नच येत नाही.

अमेरिकेतल्या खासगी कॉलेजांचं तसं नाही. तिथे नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ट्यूशन फीपैकी सरासरी निम्म्याहून जास्त रक्कम कॉलेजं स्वतःच सवलत म्हणून सोडून देतात. म्हणजे वेबसाइटवरचा आकडा भरणारे थोडेच. तरीही याला घासाघीस समजू नका. मंडईत भाजीवाली ‘बरं, न्या’ म्हणते, तसं इथे कोणी म्हणत नाही. कॉलेजच्या एड ऑफिसातला, म्हणजे आर्थिक मदत ठरवणाऱ्या कार्यालयातला, माणूस रोज अशी पत्रं वाचतो आणि ‘निगोशिएट’ हा शब्द दिसला की आक्रसतो. तिथले शब्द म्हणजे ‘अपील’, ‘रिव्ह्यू’, ‘रिकन्सिडरेशन’. तुम्ही नवी माहिती देता, तो फाइल पुन्हा उघडतो. नवी माहिती नसेल, तर फाइल उघडायला त्याच्याकडे कारणच नसतं.

अभिनयवाल्यांना दोन दारं असतात

इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला एकच दार: एड ऑफिस. अभिनयाच्या विद्यार्थ्याला बऱ्याच ठिकाणी दुसरंही असतं, ते म्हणजे नाट्यविभाग. बीएफएच्या एका वर्गात साधारण दहा ते वीस मुलं घेतात आणि ती एकत्र नाटकं करणार असतात. त्यामुळे विभाग नुसते गुण बघून निवड करत नाही, तो नटसंच जुळवतो. वर्गात खर्जातल्या आवाजाचा मुलगा हवा, विनोदाची जाण असलेली मुलगी हवी, आई-मावशीच्या भूमिका पेलेल असं कोणी हवं. तुमचं मूल त्या संचात नेमकं बसत असेल, तर ते दुसरीकडे गेल्यावर विभागाची घडी मोडते. हाच तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा, आणि तो एड ऑफिसला माहीत नसतो. विभागप्रमुखाला माहीत असतो.

काही विभागांकडे देणगीदारांनी ठेवलेला स्वतःचा लहानसा निधी असतो. काहींकडे एक पैसाही नसतो, पण ते एड ऑफिसला ‘ही मुलगी आम्हाला हवी आहे’ असं कळवू शकतात. काही कॉलेजांत दोन्ही खाती एकमेकांशी बोलतच नाहीत. ऑडिशनच्या दिवशी पालकांसाठी माहितीसत्र असतं, तिथे विचारून टाका: टॅलेंट स्कॉलरशिप कोण ठरवतं, विभाग की प्रवेश कार्यालय? ती गरजेनुसार मिळते की कौशल्यावर? दोन वाक्यांत उत्तर मिळतं आणि एप्रिलमध्ये कोणाचं दार ठोठवायचं ते कळतं.

ऑगस्ट: यादी

कॉमन अ‍ॅप, म्हणजे अनेक कॉलेजांसाठीचा सामाईक ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला उघडतं. प्राथमिक निवडीचे प्रीस्क्रीन व्हिडिओ शरदात जातात, जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्यक्ष ऑडिशन होतात. न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिसला ‘युनिफाइड्स’, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकत्रित ऑडिशन, भरतात, तिथे एकाच हॉटेलात चार दिवसांत दहा कॉलेजांपुढे उभं राहता येतं. निकाल मार्चअखेरीपर्यंत येतात आणि १ मे ही होकार कळवायची ठरलेली तारीख. तुमच्या हातात खेळायला आहे तो फक्त एप्रिल.

यादीत तीन जातीची कॉलेजं असू द्या. पहिली स्वप्नातली: कार्नेगी मेलन, ज्युलियार्ड, एनवायूचं टिश, मिशिगन वगैरे. दुसरी आपल्या राज्यातली सरकारी. न्यू जर्सीकरांना रटगर्सचं मेसन ग्रॉस आहे, न्यूयॉर्ककरांना सनी पर्चेस, नॉर्थ कॅरोलिनात विन्स्टन-सेलमचं यूएनसीएसए. राज्यातल्या रहिवाशांना तिथे फी बरीच कमी पडते. तिसरी जात लोक विसरतात: बऱ्यापैकी नाव असलेली, पण विद्यार्थी ओढण्यासाठी मेरिटचे (गरज न बघता गुणवत्तेवर मिळणारे) पैसे सढळ हाताने देणारी खासगी कॉलेजं. मुलाला तिथे जायचं नसेलही, पण त्यांचं पत्र पुढे पहिल्या जातीच्या कॉलेजला दाखवता येतं. अट एकच, दोघांचा दर्जा तुलना करण्याजोगा हवा. कोणीही न ऐकलेल्या कॉलेजची फुल स्कॉलरशिप टिशला दाखवून काही होत नाही. ‘तिकडेच जा मग’ असं ते तोंडावर म्हणणार नाहीत, एवढंच.

प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो: मदत वजा जाता तुम्हाला किती खर्च येईल, याचा अंदाज तो देतो. २०११ पासून तो ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे. अर्ज करण्याआधी एका रविवारी बसून सगळ्या कॉलेजांचे आकडे काढा. त्यात विभागाची टॅलेंट स्कॉलरशिप सहसा धरलेली नसते, पण अंदाज येतो.

आणि पैशाची तुलना करायची असेल, तर अर्ली डिसिजनच्या, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर अर्ज करून लवकर निकाल घेण्याच्या, वाटेला जाऊ नका. तो होकार बंधनकारक असतो. डिसेंबरमध्येच ‘येते’ म्हणून बसल्यावर एप्रिलमध्ये कोणाच्या पत्राशी तुलना करणार?

कागद: फाफ्सा आणि सीएसएस

फाफ्सा हा आर्थिक मदतीसाठीचा अमेरिकन सरकारी फॉर्म. त्यावरून एसएआय नावाचा, कुटुंबाची ऐपत दाखवणारा आकडा निघतो, ज्याला २०२४-२५ च्या आधी ईएफसी म्हणत. सीएसएस प्रोफाइल हा कॉलेज बोर्डाचा फॉर्म, मुख्यतः खासगी कॉलेजं मागतात, आणि तो जास्त खोलात जातो. राहत्या घराची किंमत फाफ्सा विचारत नाही, सीएसएस विचारतो.

आपल्या घरांत तीन ठिकाणी गोंधळ होतो.

पहिला व्हिसाचा. फाफ्सासाठी मुलाची पात्रता बघतात, आईवडिलांची नाही. मूल अमेरिकेत जन्मलेलं असेल तर तुम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असूनही ते केंद्र सरकारच्या मदतीला पात्र. मूल भारतात जन्मून एच-फोरवर (एच-वन-बीवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असेल तर नाही. एकाच घरात थोरला अपात्र आणि धाकटी पात्र, असं मी पाहिलंय. एच-फोरवरच्या मुलांनी सीएसएस भरून कॉलेजच्या स्वतःच्या निधीकडे बघायचं. अनेक राज्यांत त्यांना रहिवाशांच्या दराने फी लागते, ते सरकारी कॉलेजच्या कार्यालयात आधीच विचारून घ्यावं.

दुसरा गोंधळ भारतातल्या मालमत्तेचा. राहत्या घराशिवायची स्थावर मालमत्ता फाफ्सात दाखवावी लागते, मग ती एडिसनला असो वा कोथरूडला. लपवू नका.

तिसरा उत्पन्नाच्या वर्षाचा, आणि अपिलाची खरी जागा इथेच आहे. दोन्ही फॉर्म दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न बघतात. २०२६ च्या शरदातल्या प्रवेशासाठी २०२४ चं. त्या वर्षी तुम्ही पुण्यातला जुना फ्लॅट विकला असेल किंवा कंपनीचे शेअर एकदम हाती आले असतील, तर कागदावर तुम्ही श्रीमंत. त्यानंतर नोकरी गेली असेल, तर ते कागदाला माहीतच नाही. अशा वेळी आकडे बदलण्याचा अधिकार एड ऑफिसरला कायद्याने दिलेला आहे. त्याला ‘प्रोफेशनल जजमेंट’ म्हणतात. आम्ही अशा विनंत्या सरसकट नाकारतो, असं धोरण कॉलेजला ठेवताच येत नाही. नोकरी जाणं, मोठा वैद्यकीय खर्च, घटस्फोट, एकदाच आलेलं उत्पन्न ही चालणारी कारणं. घराचा हप्ता जड झालाय, गाडी नवी घेतली, ही न चालणारी. गावी सासू-सासऱ्यांना दरमहा पैसे पाठवता ते फाफ्साच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. सीएसएसमध्ये विशेष परिस्थितीची जागा असते, तिथे बँकेच्या नोंदींसह लिहा. प्रत्येक ठिकाणी मानतीलच असं नाही.

अवॉर्ड लेटर वाचायचं कसं

२०२२ साली अमेरिकन सरकारच्या लेखापरीक्षण संस्थेने, म्हणजे जीएओने, कॉलेजं देऊ केलेल्या मदतीचा तपशील कळवतात ती ही पत्रं तपासली तेव्हा ९१ टक्के कॉलेजं निव्वळ खर्च एकतर सांगतच नव्हती किंवा कमी दाखवत होती. त्यामुळे पत्रातली शेवटची ओळ वाचू नका. स्वतः वही घ्या.

समजा एकूण वार्षिक खर्च ८८,००० डॉलर. कॉलेजची मेरिट स्कॉलरशिप २२,०००, नाट्यविभागाची ६,०००, विद्यार्थ्याचं सरकारी कर्ज ५,५००, वर्क-स्टडी ३,०००. पत्र म्हणेल: तुम्हाला फक्त ५१,५०० भरायचे आहेत. चूक. कर्ज ही मदत नव्हे, ते तुमचेच उद्याचे पैसे. वर्क-स्टडी म्हणजे मुलीने तासांवर काम करून मिळवायचा पगार. खरा आकडा ६०,०००.

वर्क-स्टडीवर मी स्वतः फसले. आमच्या लेकीच्या पहिल्या वर्षी ते तीन हजार मी हिशेबात धरून बसले. पण बीएफएच्या मुलांचे दिवसभर वर्ग, संध्याकाळी सहापासून तालमी, मधल्या वेळेत सेट बांधणं नाहीतर विंगेतली कामं. लायब्ररीत बसून पगार मिळवायला वेळ कुठे? वर्षाअखेर काही शे डॉलर जमले. अभिनयाच्या विद्यार्थ्याची वर्क-स्टडी शून्य धरा, जास्त मिळाली तर पिझ्झा.

आता याच उदाहरणाची चार वर्षं मांडा. स्कॉलरशिप २८,००० वर गोठलेली, खर्च दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढतोय. लोक ६० गुणिले ४ करतात आणि २,४०,००० म्हणतात. प्रत्यक्षात ते होतात जवळजवळ २,६२,०००. बावीस हजारांचा फरक, आणि तो कोणत्याच पत्रात लिहिलेला नसतो. शिवाय हेडशॉट, मेकअपचं सामान, नाचाचे बूट, शेवटच्या वर्षी एजंटांसमोरच्या शोकेससाठी प्रवास, हे वेगळंच.

तफावत आईवडिलांच्या कर्जाने बुजवू, असं म्हणणाऱ्यांसाठी: पेरेंट प्लस या आईवडिलांसाठीच्या सरकारी कर्जावर पूर्वी एकूण खर्चाएवढी मुभा होती. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आहे. पुढे खासगी बँका, आणि त्यांचे व्याजदर.

पत्र

दोन पत्रं जातात. विभागाला विद्यार्थ्याने लिहायचं, एड ऑफिसला विद्यार्थ्याच्या नावाने, आईवडिलांनी आकडे पुरवून. बाबांनी फोन करून आवाज चढवला की काम बिघडतं. मूल कायद्याने सज्ञान असतं आणि कॉलेज त्याच्याशीच बोलू पाहतं. एड ऑफिसच्या पोर्टलवर अपिलाचा वेगळा फॉर्म असेल तर तो भराच, पत्र त्याला जोडा.

पत्र इंग्रजीतच जाणार, पण त्याचा गाभा असा असावा:

‘बीएफए अभिनयासाठी निवड केल्याबद्दल मी आभारी आहे. ऑडिशनमध्ये तुमच्या प्राध्यापकांनी माझा दुसरा मोनोलॉग वेगळ्या पद्धतीने पुन्हा करून घेतला, तेव्हापासून मला इथेच शिकायचं आहे. आमच्या हिशेबाने तुमच्याकडचा निव्वळ खर्च वर्षाला ६०,००० डॉलर येतो. सोबत जोडलेल्या दुसऱ्या बीएफएच्या पत्रानुसार तिथे तो ४९,००० आहे. आमच्या २०२४ च्या उत्पन्नात एका घराच्या विक्रीचा नफा धरला आहे, तो पुन्हा येणारा नाही. विक्रीचे कागद आणि २०२५ चं कर-विवरण सोबत आहे. आमचं कुटुंब वर्षाला ५०,००० पर्यंत भरू शकतं. उरलेल्या १०,००० च्या फरकाचा फेरविचार होऊ शकेल का? तो झाला, तर मी लगेच जागा राखण्याचं डिपॉझिट भरेन.’

यात नेमका आकडा आहे, पुरावा आहे आणि शेवटी खरा होकार आहे. ‘लगेच येईन’ हे एकाच कॉलेजला म्हणायचं आणि मनात असेल तरच. नाट्यविभागांचं जग फार लहान आहे, युनिफाइड्सला सगळे एकाच हॉटेलात चहा पितात. आकडा फुगवायचाही नाही, कारण दुसऱ्या कॉलेजचं पत्र मागतातच. आणि आपण काय केलंत, किती कष्ट केले, मुलीने पाचव्या वर्षी गणेशोत्सवात पहिलं नाटक केलं, ही कहाणी नको. एका पानाच्या आत.

विभागाच्या पत्रात पैशाचा तपशील दोन ओळींचा पुरे. तिथे विचारायचं इतकंच: विभागाकडून आणखी काही शक्यता आहे का, आणि नसेल तर एड ऑफिसला माझ्याबद्दल कळवाल का?

दोन्ही पत्रं निकाल आल्यापासून आठवड्याच्या आत गेली पाहिजेत, कारण निधी संपत जातो. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकच फोन, नम्रपणे. १ मेपर्यंत निर्णय लागत नसेल तर मुदतवाढ लेखी मागा. दोन कॉलेजांत डिपॉझिट भरून ठेवू नका, लक्षात आलं तर प्रवेश रद्द होऊ शकतो.

किती वाढतं? कधी काहीच नाही. कधी दोन-तीन हजार, कधी दहा. एकदा नकार आला म्हणून सगळं संपलं नाही: १ मेनंतर वर्गात जागा रिकाम्या होतात. २०१९ पूर्वी कॉलेजांच्या संघटनेच्या आचारसंहितेनुसार, दुसरीकडे होकार दिलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा आमिष दाखवायला मनाई होती. न्याय खात्याच्या दबावामुळे ते कलम काढलं गेलं. तेव्हा मे महिन्यात एखाद्या कॉलेजचा ‘अजून विचार करताय का?’ असा फोन आला, तर तो खोटा समजून कापू नका.

आकडा वाढला नाही तरी अटी विचारा

रक्कम हलत नसेल तर अटींवर बोला. तिथे बऱ्याचदा जागा असते. स्कॉलरशिप चारही वर्षं मिळणार का? किमान जीपीए किती? बीएफए सोडून त्याच कॉलेजात बीएला गेलं तर विभागाचे पैसे जाणार का? वर्षाअखेरच्या मूल्यमापनात विभागाने काढून टाकलं तर? एखाद्या मालिकेत काम मिळालं म्हणून सहा महिने रजा घेतली, तर परत आल्यावर मदत तशीच राहील का? तिसऱ्या वर्षी वाढीव विभागीय मदतीसाठी अर्ज करता येतो का? उत्तरं ईमेलनेच घ्या.

बाहेरची बक्षिसं आणलीत तर ती कॉलेज स्वतःच्या मदतीतून वजा करतं का, हेही विचारा. मेरीलँडने २०१७ मध्ये आपल्या सरकारी कॉलेजांना असं करण्यावर कायद्याने बंधन घातलं, पण सगळीकडे तसं नाही. यंगआर्ट्स या तरुण कलाकारांच्या अमेरिकन स्पर्धेचा अर्ज ऑक्टोबरमध्ये असतो, नाटक हा त्यातला एक विभाग आहे, आणि कमाल बक्षीस १०,००० डॉलरचं. पैशाहून त्या नावाचा प्रवेशात जास्त उपयोग होतो.

महाराष्ट्रातून थेट अर्ज करणाऱ्यांसाठी

तुम्हाला फाफ्सा नाही. सीएसएस मात्र अनेक ठिकाणी भरता येतो. कार्नेगी मेलनसारखी काही कॉलेजं परदेशी पदवी विद्यार्थ्यांना मदत देतच नाहीत, तिथे कितीही सुंदर अपील लिहिलंत तरी उपयोग नाही. अर्जाआधी हे एक वाक्य वेबसाइटवर शोधा, ऑडिशनचा खर्च वाचेल.

माझं मत विचाराल तर भारतातून जाणाऱ्या हुशार मुलांनी बीएफएचा हट्ट थोडा सैल करावा. येलसारखं विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्यांची आर्थिक स्थिती न बघता प्रवेश ठरवतं आणि गरज पूर्ण भागवतं. तिथे नाटक हा बीएचा विषय आहे, बीएफए नव्हे. प्रवेश मिळणं महाकठीण, पण मिळाला तर खर्च मधल्या फळीतल्या बीएफएपेक्षा कितीतरी कमी येऊ शकतो. आणि पुढे येलच्या डेव्हिड गेफन स्कूल ऑफ ड्रामामध्ये २०२१ पासून पदव्युत्तर शिक्षणाला ट्यूशन फीच नाही. भारतातल्या शिष्यवृत्त्याही पदवीनंतरच्या शिक्षणाकडेच झुकलेल्या: १८९२ पासूनचा जे. एन. टाटा एंडोमेंटचा कर्ज-शिष्यवृत्ती निधी असो वा राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. सगळे पैसे बीएफएवर उधळण्याआधी हा नकाशा डोळ्यांखालून घाला.

मदत वाढवून मिळाली तर आय-२० वर (कॉलेज व्हिसासाठी देतं त्या, खर्चाचा आकडा असलेल्या कागदावर) नवा आकडा घालून द्या म्हणून कॉलेजला लगेच लिहा. व्हिसाच्या मुलाखतीत त्यावरच्या आकड्याइतके पैसे दाखवायचे असतात, जुन्या आय-२० वर गेलात तर विनाकारण जास्त रक्कम दाखवत बसाल. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. तालमी बघता तेवढेही जमणार नाहीत.

जुलैत पहिलं बिल येतं. मदत दोन सत्रांत निम्मी-निम्मी विभागलेली असते, तेव्हा २८,००० ऐवजी १४,००० दिसले म्हणून घाबरू नका. पण विभागाचे कबूल केलेले पैसे त्यात आहेत का, ते ओळीओळीने तपासा. आमच्या ओळखीच्या एका मुलाचे अपिलात वाढलेले चार हजार बिलात चढलेच नव्हते. एप्रिलचा ईमेल दाखवल्यावर दोन दिवसांत चढले.